ई-मेल प्रोग्राम पुन्हापुन्हा पासवर्ड विचारतो : दुरुस्तीचा योग्य क्रम

‘भो, हाई परत पासवर्ड मांगी ऱ्हायनं’ ही तक्रार जळगावच्या एमआयडीसीतील चटईच्या कारखान्यापासून सावद्याच्या केळी ग्रुपपर्यंत कोणत्याही कार्यालयात ऐकू येते, आणि तिच्यावरचा उपायही सगळीकडे एकच असतो : खाते काढून टाकायचे आणि नव्याने जोडायचे. हा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही. आणि खाते पॉप पद्धतीचे, म्हणजे पत्रे संगणकावर उतरवून घेणारे, असताना काढण्याच्या वेळी चुकीच्या चौकटीत खूण झाली, तर वर्षानुवर्षांची पत्रे एका क्षणात जातात.

मूळ गफलत निदानात आहे. प्रोग्रामने पासवर्ड विचारला म्हणजे तो पासवर्ड विसरलाच असे नाही. बहुतेक वेळा त्याला पासवर्ड चांगला आठवत असतो, तो सर्व्हरला देतो, सर्व्हर नाकारतो आणि म्हणून प्रोग्राम पुन्हा आपल्याकडे वळतो. खरोखर विसरण्याचा दोष संगणकात असतो, नाकारण्याचा दोष खात्याकडे असतो, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. येथील सूचना विंडोज संगणकावरील थंडरबर्ड आणि क्लासिक आउटलुक या दोन प्रोग्रामांसाठी आहेत.

## पूर्वतयारी : हात लावण्यापूर्वी

१. खाते पॉप आहे की आयमॅप, हे पाहून कागदावर लिहून घ्यावे. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमधील सर्व्हर सेटिंग्ज या पानावर आणि आउटलुकमध्ये फाइल मेनूतील अकाउंट सेटिंग्जच्या यादीत ते दिसते. आयमॅपमध्ये पत्रे सर्व्हरवर राहतात. पॉपमध्ये ती बहुधा फक्त याच संगणकावर असतात.

२. त्याच पानांवरून येणाऱ्या आणि जाणाऱ्या सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक, सुरक्षेचा प्रकार आणि यूजरनेम लिहून घ्यावे. नेहमीचे पोर्ट असे असतात : आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, जाणाऱ्या टपालाला ४६५ किंवा ५८७. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल, मात्र तो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

३. पत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. थंडरबर्डच्या हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन उघडल्यास प्रोफाइल फोल्डरची जागा सापडते. ती पाहून प्रोग्राम बंद करावा आणि मग पूर्ण फोल्डर उचलावा. आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या डेटा फाइल्स या भागात पत्रे साठवणाऱ्या पीएसटी फाइलची जागा लिहिलेली असते. तीही आउटलुक बंद करूनच कॉपी करावी.

सावधान : थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये पासवर्डही असतात. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे या साठ्यावरचे वेगळे कुलूप, लावलेले नसेल, तर हा पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता येतात. तो काउंटरवर पडू देऊ नये.

## टप्पा १ : विसरतो की नाकारला जातो?

प्रोग्राम उघडावा, पासवर्डची खिडकी आली की पासवर्ड सावकाश टाकावा, लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण करावी आणि टपाल येते का पाहावे. नंतर प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा.

- पासवर्ड टाकल्यावर टपाल आले, पण पुन्हा उघडल्यावर विचारणा झाली : प्रोग्राम किंवा संगणक विसरत आहे. टप्पा २ मधील घड्याळाची पाहणी करून थेट टप्पा ४ कडे जावे.
- पासवर्ड टाकूनही टपाल आले नाही, तीच खिडकी परत आली : सर्व्हर नाकारत आहे. टप्पा २ आणि ३ करावेत.
- टपाल येते, पण पाठवताना विचारणा होते : जाणाऱ्या सर्व्हरचा पासवर्ड वेगळा नोंदला जातो आणि दोष तेथे आहे. पुढील प्रत्येक टप्प्यात जाणाऱ्या सर्व्हरची नोंद आधी पाहावी.

चौथाही एक प्रकार असतो. दिवसभर सुरळीत चालते आणि मधूनच एखादी खिडकी येते, जी ‘कॅन्सल’ केल्यावरही टपाल येतच राहते. पॉप खाते दोन संगणकांवर जोडलेले असेल आणि दोन्हींवर दर मिनिटाला तपासणी लावलेली असेल, तर पेटी एकाने धरून ठेवल्यामुळे दुसऱ्याला नकार मिळतो. तपासणीची वेळ दहा किंवा पंधरा मिनिटे केली की हा प्रकार बहुधा थांबतो. पासवर्डशी त्याचा संबंध नसतो.

सावधान : तीनदा नकार मिळाल्यावर चौथ्यांदा तोच पासवर्ड टाकत बसू नये. असे का, ते टप्पा ३ मध्ये येईल.

## टप्पा २ : पासवर्ड आणि घड्याळ

पासवर्डची खरी परीक्षा ब्राउझरमध्ये होते, तीही इनकॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत. साध्या खिडकीत ब्राउझर स्वतःजवळचा साठवलेला पासवर्ड भरतो किंवा आधीच लॉगिन असतो. त्यामुळे आपण टाकलेला पासवर्ड बरोबर ठरला असा निव्वळ भास होतो. इनकॉग्निटोमध्ये आत जाता आले नाही, तर प्रोग्रामला दोष देण्यात अर्थ नाही. आधी पासवर्ड बदलून घ्यावा.

ब्राउझरमध्ये चालतो आणि प्रोग्राममध्ये चालत नाही, असे झाल्यास टंकलेखन तपासावे. पासवर्ड ठिपक्यांच्या रूपात दिसत असल्याने कळफलक मराठीवर राहिला आहे, हे लक्षात येत नाही. पत्रव्यवहार मराठीत आणि मेल इंग्रजीत असलेल्या कार्यालयांत हे नेहमी घडते. टास्कबारवरील भाषा पाहावी, विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबून इंग्रजी निवडावी, नोटपॅडमध्ये पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी पाहावा आणि नोटपॅड जतन न करता बंद करावे. व्हॉट्सॲपवर आलेला पासवर्ड कॉपी केल्यास शेवटी एक अदृश्य स्पेस चिकटून येण्याची शक्यता असते. म्हणून तो हातानेच टाकावा.

आता घड्याळ. संगणकावरील तारीख, वर्ष आणि वेळ पाहावी. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला, की लाईट गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेले नाही’ असे संगणकाला वाटते, जोडणी तुटते आणि कधी प्रमाणपत्राची, तर कधी लॉगिनची तक्रार समोर येते. तारीख हाताने दुरुस्त करून त्या दिवसापुरते काम भागेल. पण दर लाईट गेल्यावर तारीख बिघडत असेल, तर सेल बदलून घ्यावा. तो कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

पडताळणी : ब्राउझरमध्ये लॉगिन होते, कळफलक इंग्रजीवर आहे आणि तारीख बरोबर आहे. या तिन्हींची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

## टप्पा ३ : सर्व्हर नाकारत असेल तर

### जीमेल

गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणे बंद केले आणि त्यानंतर कंपन्यांच्या वर्कस्पेस खात्यांनाही हाच नियम लावला. म्हणून ब्राउझरमध्ये चालणारा पासवर्ड प्रोग्राममध्ये नाकारला जाणे येथे अपेक्षितच आहे. मार्ग दोन आहेत.

पहिला आणि चांगला मार्ग ओऑथचा, म्हणजे प्रोग्रामला पासवर्ड न देता गूगलच्या खिडकीत लॉगिन करून परवानगी देण्याचा. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन मेथड या ठिकाणी ओऑथ२ निवडावे. त्यानंतर खाली आउटगोइंग सर्व्हरच्या पानावर जाऊन तेथेही तेच निवडावे. ही दुसरी पायरी इतक्या वेळा राहून जाते, की ‘येते पण जात नाही’ असे कोणी म्हटले तर सर्वांत आधी तेच पान उघडावे. बदल केल्यावर गूगलची लॉगिन खिडकी उघडते. तेथे परवानगी द्यावी. खिडकी उघडून लगेच रिकामी होत असेल किंवा फिरून तीच येत असेल, तर सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात कुकीज स्वीकारण्याची खूण आहे का ते पाहावे. ती नसेल, तर हे लॉगिन पूर्ण होत नाही.

दुसरा मार्ग ॲप पासवर्डचा, म्हणजे गूगलकडून प्रोग्रामसाठी घेतलेल्या वेगळ्या पासवर्डचा. जुन्या आउटलुकमध्ये गूगलची खिडकी येतच नसेल, तर हाच घ्यावा लागतो. गूगल खात्यात आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावे, मग ॲप पासवर्ड तयार करावा. तो १६ अक्षरांचा असतो आणि चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. टाकताना मधली मोकळी जागा सोडून सलग टाकावा.

सावधान : गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात आणि ओऑथच्या खात्यांनाही पुन्हा लॉगिन करावे लागते. साहेबांनी घरी मोबाइलवर पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या संगणकाने विचारणा केली, तर त्यात बिघाड काहीच नाही.

### आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेल

मायक्रोसॉफ्टने या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड घेणे बंद केले आहे. येथे ओऑथच वापरावे लागते. ते न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रामवर वेळ घालवू नये.

### स्वतःच्या डोमेनचे खाते

कंपनीच्या नावाने घेतलेल्या खात्यांत वेगळीच गोष्ट घडते. समजा, धुळ्याच्या एखाद्या कार्यालयात चार संगणक आणि सहा मोबाइल एकाच वायफायवर आहेत. मेलचा पासवर्ड बदलला. संगणकांवर नवा टाकला. पण सुट्टीवर गेलेल्या आणि आज परतलेल्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलमध्ये जुनाच आहे. तो मोबाइल दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड देतो. होस्टिंगच्या, म्हणजे हा मेल चालवणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरला हा हल्ला वाटतो आणि तो त्या इंटरनेट जोडणीचा पत्ताच काही काळ अडवून ठेवतो. सर्व यंत्रे बाहेरून एकाच पत्त्याने दिसत असल्याने अख्ख्या कार्यालयाला नकार मिळतो, आणि मग प्रत्येक जण आपापल्या संगणकावर पासवर्ड टाकत बसतो, ज्यामुळे बंदी आणखी लांबते.

याची परीक्षा सोपी आहे. वायफाय बंद करून संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडावा. तेथे टपाल आले, तर पासवर्ड आणि प्रोग्राम दोन्ही निर्दोष आहेत. सर्व यंत्रांवरील मेल बंद करावा, जुना पासवर्ड असलेला मोबाइल शोधावा आणि होस्टिंगवाल्याला आपला पत्ता मोकळा करण्यास सांगावे. आधी मोबाइल, मग होस्टिंग. उलट केल्यास अर्ध्या तासात पुन्हा तीच परिस्थिती येते.

यूजरनेमही पाहून घ्यावे. होस्टिंगच्या बहुतेक सर्व्हरना पूर्ण ई-मेल पत्ता लागतो. केवळ ‘ॲट’च्या आधीचा भाग चालत नाही.

## टप्पा ४ : संगणकच विसरत असेल तर

एका प्रोग्रामची तक्रार हाताळण्याआधी संगणक बाकीच्या गोष्टी लक्षात ठेवतो का, ते पाहावे. डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल तयार करावी, संगणक रीस्टार्ट करावा आणि फाइल आहे का पाहावी.

फाइल गायब झाली, तर दोन शक्यता आहेत. विंडोजने तात्पुरत्या प्रोफाइलने आत घेतले असेल. अशा वेळी डेस्कटॉपवरची नेहमीची चित्रेही दिसत नाहीत, तशी सूचना येते, आणि लॉगआउट होताच सर्व पुसले जाते. अचानक लाईट गेल्यामुळे किंवा डिस्क खराब होऊ लागल्यामुळे प्रोफाइल बिघडून हे होते. येथे मेल प्रोग्रामला हात न लावता विंडोजचे प्रोफाइल दुरुस्त करून घ्यावे. दुसरी शक्यता कॉलेजच्या लॅबमधील किंवा सायबर कॅफेतील संगणकाची : तेथे दर रीस्टार्टला सर्व पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर मुद्दाम बसवलेले असते, आणि तेथे पासवर्ड साठू नये हेच बरे.

फाइल जागेवर असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सी ड्राइव्ह लाल दिसत असेल, म्हणजे भरत आला असेल, तर नवीन नोंद लिहायला जागाच नसते. आणि संगणक ‘फास्ट’ करणारे एखादे साफसफाईचे सॉफ्टवेअर असेल, तर त्यातील साठवलेले पासवर्ड पुसण्याची खूण काढावी. रोज सकाळी नेमाने विचारणा होत असेल, तर या सॉफ्टवेअरवर माझा पहिला संशय असतो.

विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत टास्क शेड्युलरमधील काही कामांमुळे प्रोग्राम पासवर्ड विसरण्याचा दोष होता; तो २०२१ च्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला. कोणी अपडेट बंद करून ठेवलेला जुना संगणक असेल, तर अपडेट करून घेतल्याशिवाय पुढचे काही करू नये.

## टप्पा ५ : थंडरबर्डची स्मृती

१. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स या क्रमाने यादी उघडावी. येणाऱ्या सर्व्हरची एक आणि ‘एसएमटीपी’ने सुरू होणारी जाणाऱ्या सर्व्हरची एक, अशा दोन नोंदी प्रत्येक खात्याला असायला हव्यात. ओऑथ वापरणाऱ्या खात्याची नोंद ‘ओऑथ’ या शब्दाने सुरू होते.

२. तक्रार असलेल्या खात्याच्याच नोंदी काढाव्यात. ‘रिमूव्ह ऑल’ हे बटण शेजारीच असते. त्यापासून बोट दूर ठेवावे.

३. प्रोग्राम बंद करून उघडावा, पासवर्ड टाकावा आणि पासवर्ड मॅनेजर वापरण्याच्या चौकटीत खूण केल्यावरच ओके करावे. अनेकांचे लक्ष पासवर्डकडे असते आणि ती बारीक चौकट रिकामीच राहते. एक पत्र स्वतःलाच पाठवून जाणाऱ्या सर्व्हरचा पासवर्डही नोंदवून घ्यावा.

४. चौकटच दिसत नसेल, तर सेटिंग्जच्या तळाशी असलेल्या कॉन्फिग एडिटरमध्ये ‘साइनऑन डॉट रिमेंबरसाइनऑन्स’ (signon.rememberSignons) ही नोंद शोधून तिची किंमत ‘ट्रू’ करावी.

५. यादी उघडतच नसेल किंवा नोंद टिकत नसेल, तर साठवणाची फाइल बिघडली आहे. प्रोग्राम बंद करून प्रोफाइल फोल्डरमधील ‘लॉगिन्स’ नावाची जेसन फाइल (logins.json) आणि ‘की४’ नावाची डीबी फाइल (key4.db) या दोन्हींच्या नावापुढे ‘जुनी’ असे जोडावे. पुढच्या वेळी थंडरबर्ड दोन्ही फाइल नव्याने तयार करतो.

सावधान : या दोन फाइल म्हणजे कुलूप लावलेली पेटी आणि तिची किल्ली. एकच बदलली किंवा जुन्या प्रतीतून एकच परत आणली, तर काहीही उघडत नाही. पाचवी पायरी केल्यावर सर्वच खात्यांचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतात. ते हाताशी असल्याशिवाय ती करू नये.

सुरू होताना थंडरबर्ड प्रायमरी पासवर्ड मागत असेल, तर तो ई-मेलचा पासवर्ड नसतो. कोणीतरी पूर्वी लावलेले ते वरचे कुलूप असते, आणि ‘कॅन्सल’ केल्यास आतले सर्व पासवर्ड त्या दिवसापुरते अडकून राहतात.

## टप्पा ६ : आउटलुकची स्मृती

१. आउटलुक बंद करावे. कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून विंडोज क्रेडेन्शियल्स हा भाग निवडावा. खालील जेनेरिक क्रेडेन्शियल्सच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’ किंवा आपल्या मेल सर्व्हरचे नाव असलेल्या नोंदी काढाव्यात.

सावधान : याच पानावर दुसऱ्या संगणकाचे नाव असलेली नोंदही असू शकते. ज्या कार्यालयात टॅलीचा डेटा एका संगणकावर असून बाकीचे संगणक शेअर केलेल्या फोल्डरमधून तो उघडतात, तेथे ती नोंद काढली की मेल सुरू होतो आणि टॅली बंद पडते. जीएसटीच्या विवरणपत्राच्या आदल्या संध्याकाळी हे होऊ नये, म्हणून नाव ओळखू येईल तेवढीच नोंद काढावी.

२. सर्व्हिसेसच्या यादीत क्रेडेन्शियल मॅनेजर ही सेवा ‘डिसेबल्ड’ असेल, तर ती ‘मॅन्युअल’ करून सुरू करावी.

३. आउटलुक उघडून अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्यावर ‘चेंज’ करावे, पासवर्ड टाकून ‘रिमेंबर पासवर्ड’ची खूण करावी. तेथूनच मोअर सेटिंग्जमधील आउटगोइंग सर्व्हर या पानावर सर्व्हरला ओळख लागते ही खूण करून येणाऱ्या सर्व्हरचीच माहिती वापरण्यास सांगावे. कंपनीच्या एक्स्चेंज खात्यात सिक्युरिटी पानावर ‘नेहमी ओळख विचारा’ अशी खूण असेल, तर ती काढावी.

४. एवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल पॅनेलमधील मेल या चिन्हातून शो प्रोफाइल्स उघडून नवे प्रोफाइल जोडावे. खाते पॉप असल्यास जोडताना ‘अस्तित्वात असलेली डेटा फाइल’ हा पर्याय घेऊन जुनी पीएसटी दाखवावी. जुने प्रोफाइल काढू नये. नवे नीट चालल्याची खात्री होईपर्यंत ते राहू द्यावे.

हा बिघाड कोठून आला, हे समजून घ्यायचे असेल तर एक प्रश्न विचारावा : अलीकडे विंडोजचा पासवर्ड विसरल्यामुळे कोणी तो बाहेरून काढून दिला होता का? साठवलेल्या पासवर्डांचे कुलूप विंडोजच्या लॉगिन पासवर्डाशी बांधलेले असते. पासवर्ड आपण स्वतः, जुना टाकून, बदलला तर विंडोज कुलूपही बदलते. पण कॉम्प्युटरवाल्याने पेनड्राइव्ह लावून तो जबरदस्तीने पुसला, तर जुन्या नोंदी दिसतात आणि उघडत नाहीत. त्या परत मिळवण्याच्या नादी न लागता काढून नव्याने नोंदवाव्यात.

## टप्पा ७ : अखेरची चाचणी

संगणक रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करावा आणि काही वेळाने सुरू करावा. प्रोग्राम उघडून एक पत्र स्वतःला पाठवावे. ते गेले आणि आले, तर दोन्ही सर्व्हरचे पासवर्ड टिकले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, साफसफाईचे सॉफ्टवेअर आणि अँटिव्हायरस चालून गेल्यावर, हेच पुन्हा करावे.

दोन्ही वेळा विचारणा झाली नाही, तर त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक मोबाइलवर नवा पासवर्ड टाकला आहे का, ते एकदा प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावे. पेनड्राइव्हवरील प्रत आठवडाभर कुलपात ठेवावी. जुनी पत्रे सर्व दिसत आहेत, विशेषतः ‘सेंट’मधली, याची खात्री झाल्यावर ती पुसून टाकावी.